श्रेय गुरप्रीतचं आहे, जर्सीचं नाही

परदेशात राहून भारताच्या फुटबॉल संघाच्या मागे उभ्या राहणाऱ्या आमच्या मंडळींत एक समजूत इतकी मुरली आहे, की तिच्याविरुद्ध बोलणारा रसभंग करणारा ठरतो. मागच्या विजयाच्या दिवशीची जर्सी न धुता घालायची. सोफ्यावर ज्याने त्याने ठरलेल्या जागीच बसायचं. सामना अटीतटीचा झाला की एकाने खोलीबाहेर जायचं. आणि ‘आज जिंकणार’ असं कुणीही तोंडातून काढायचं नाही. हरकत घेतली की उत्तर तयार असतं : यात कुणाचं काय बिघडतं? ही अंधश्रद्धा नव्हे, हे प्रेम आहे. हजारो मैलांवर बसलेल्या माणसाच्या हातात दुसरं आहे तरी काय?

मला हे उत्तर अमान्य आहे. या संघावर माझा जीव आहे, म्हणूनच अमान्य आहे.

आधी साधा वेळेचा हिशेब बघू. मी जर्मनीत राहतो आणि भारताचे सामने इंटरनेटवर बघतो. चित्र माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मैदानावरची घटना घडून बराच वेळ, कधी कधी अर्धं मिनिटही, झालेला असतो. जून २०२२ मध्ये कोलकात्यात आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारत-अफगाणिस्तान सामना होता. सुनील छेत्रीने ८६व्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला आणि दोनच मिनिटांत अफगाणिस्तानने बरोबरी साधली. आमच्या खोलीत सगळे हताश झाले. एक मित्र उठला, ‘मी बाहेर जातो, मागेही असंच झालं होतं,’ असं म्हणून दारापर्यंत पोचला, आणि त्याच क्षणी कोल्हापूरहून माझ्या भावाचा संदेश आला, ‘सहलने मारला!’ आमच्या पडद्यावर सहल अब्दुल समदचा तो गोल अजून व्हायचा होता. मित्राने तो व्हरांड्यात उभं राहून ऐकला, आणि आजही तो आपल्या बाहेर जाण्यामुळे झाला असं तो मनापासून सांगतो. तो उठला तेव्हा गोल होऊन गेलेला होता. एखाद्या गोष्टीचा परिणाम तिच्या आधी घडत नाही, एवढं तरी आपण मान्य करायला हवं. परदेशातल्या प्रेक्षकाचा प्रत्येक तोडगा हा घडून गेलेल्या गोष्टीवरचा तोडगा असतो.

यावर कुणी म्हणेल, तर्क लावून खेळ बघायचाच कशाला? ठीक आहे, तर्क बाजूला ठेवू आणि न्यायाचं बोलू. १० सप्टेंबर २०१९ च्या रात्री दोह्यात भारताने कतारला ०-० असं रोखलं. कतार तेव्हा आशियाचा विजेता होता आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने तो चषक उचलला होता. छेत्री आजारी असल्याने खेळत नव्हता. कर्णधाराचा पट्टा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूच्या दंडावर होता. कतारचे फटके एकामागून एक येत राहिले आणि गुरप्रीत ते कधी बोटांच्या टोकांनी, कधी छातीने, कधी पायाने परतवत राहिला. त्याच्यापुढे संदेश झिंगन होता, मुंबईचा राहुल भेके होता, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई होते. आदिल कित्येक वर्षं संघाबाहेर होता, त्याला नुकतंच परत बोलावलं होतं. त्या नव्वद मिनिटांत या माणसांनी जे केलं ते भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासातलं सर्वांत जिद्दीचं काम आहे, असं मी मानतो.

त्या सामन्याची आठवण आमच्यात कशी निघते? ‘त्या दिवशी आपण सगळे जमिनीवर बसलो होतो, आठवतं?’ अशी. पुढचे कित्येक सामने मंडळी जमिनीवर बसली. आदिल खानचं नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता येणार नाही. तोडगा सगळ्यात आधी हेच करतो. राबणाऱ्याच्या हातातलं श्रेय काढून तो बघणाऱ्याच्या मांडीवर ठेवतो. गुरप्रीतने किशोरवयापासून केलेला सराव, युरोपात नॉर्वेच्या स्टाबेक संघात राहून शिकलेली कला, हे सगळं मागे पडतं आणि आपण कुठे बसलो होतो ते लक्षात राहतं. याला प्रेम म्हणणं मला जड जातं. ज्याच्यावर प्रेम करतो त्याचं काम आपण आपल्या नावावर लावत नाही.

श्रेयाचं झालं, पण दोषाचं त्याहून वाईट आहे. ज्याला शुभ जागा असते त्याला अशुभ जागाही असतेच, आणि शुभ जर्सी मानणाऱ्याला अशुभ माणूसही लागतो. १४ जानेवारी २०१९ ला शारजात भारत आणि बहरीन यांच्यात आशियाई चषकाचा सामना होता. आधी थायलंडला ४-१ ने हरवलेलं, यजमान अमिरातीकडून ०-२ हार झालेली, आणि बरोबरी साधली तरी बाद फेरीची दारं उघडणार होती. नव्वद मिनिटं ०-० वर संपली. जर्मनीत सोमवारची संध्याकाळ होती. आमच्यातल्या एकाची बायको कामावरून थेट आली, दार उघडून आत पाऊल टाकलं, आणि पडद्यावर प्रणय हलदरच्या चुकीसाठी पंचांनी पेनल्टी दिली. जमाल राशिदने ती मारली. भारत बाहेर. खोलीतल्या कुणीतरी, रागाने नाही, अगदी सहज म्हटलं, ‘वहिनी, पाच मिनिटं उशिरा आला असतात तर!’ सगळे हसले. ती नाही हसली.

त्यानंतर ती सामने बघायला आली नाही. बोलावलं की म्हणायची, ‘नको, मी आले की हरतो.’ फुटबॉलची जाण तिला आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा जास्त होती.

ज्यांना ही क्षुल्लक गोष्ट वाटते त्यांनी आपल्या घरांतला इतिहास आठवावा. लग्न होऊन नवी सून घरात आली आणि त्याच वर्षी सासरा गेला, बैल मेला, पीक बुडालं, की तिच्या पायगुणाची चर्चा सुरू व्हायची. पांढऱ्या पायाची म्हणून किती मुलींना आयुष्यभर खाली मान घालून जगावं लागलं याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आपण त्यातून बाहेर पडलो, शिकलो, विमानाने परदेशी आलो. आणि इथे येऊन, मोठ्या पडद्यासमोर, देशप्रेमाच्या नावाखाली तोच पायगुण पुन्हा मांडून बसलो. आमच्या खोलीत जे झालं ते हसण्यावारी गेलं, मान्य. पण त्यामागचा विचार तोच आहे, आणि त्याचा नेम दर वेळी त्याच प्रकारच्या माणसावर का लागतो? उशिरा आलेली बाई, नवखा विद्यार्थी, दुसऱ्या प्रांतातून आलेला पाहुणा, पहिल्यांदाच सामना बघायला बसलेलं पोर. ज्याच्या घरात सामना चालू असतो तो यजमान कधी पनवती ठरल्याचं मी ऐकलेलं नाही.

हा विचार मोकळा सुटला तर कुठवर जातो, ते ब्राझीलने दाखवलं आहे. १६ जुलै १९५० ला मारकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ ने हरवलं. घिग्गियाचा निर्णायक फटका जवळच्या खांबाकडून आत गेला आणि गोलरक्षक मोआसिर बारबोसा देशाचा अपराधी ठरला. बारबोसा त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक होता. पांढरी जर्सीही त्या पराभवाची खूण ठरून बाद झाली आणि १९५४ च्या विश्वचषकात ब्राझील पिवळ्या रंगात उतरला. जर्सी बदलली तर कुणाचं नुकसान नाही, पण बारबोसाला बदलता येत नव्हतं. १९९३ मध्ये, चार दशकांनंतर, म्हातारा झालेला हा माणूस राष्ट्रीय संघाच्या शिबिरात खेळाडूंना भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला आत घेतलं नाही. २००० साली तो वारला. तो कृष्णवर्णीय होता, आणि त्या पराभवाचं खापर ज्या खेळाडूंवर फुटलं त्यांत कृष्णवर्णीय पुढे होते, हेही विसरू नये. अपशकुन कुणाच्या डोक्यावर ठेवायचा हे समाजात आधीच ठरलेलं असतं.

आता ‘यात कुणाचं काय बिघडतं’ या प्रश्नाचं दुसरं उत्तर. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने वृत्त दिलं की भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक २०२२ मध्ये दिल्लीतल्या एका ज्योतिषाच्या संपर्कात होते, सामन्यांआधी खेळाडूंची यादी त्याच्याकडे पाठवत होते, आणि दोघांची ओळख भारतीय फुटबॉल महासंघाच्या तत्कालीन सरचिटणीसांनी करून दिली होती. कुणाचा दिवस चांगला, कुणाला उतरवू नये, असे शेरे त्या यादीवर परत येत, असं त्या वृत्तात म्हटलं होतं. आणि त्यातला एक सामना कोणता होता? तोच, कोलकात्यातला अफगाणिस्तानविरुद्धचा, ज्यात माझा मित्र व्हरांड्यात गेला होता.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत दाभोलकरांनी ज्यांच्याशी झुंज दिली ते भोंदू बाबा वेगळे, आमचा हा निरागस छंद वेगळा, असं मला नेहमी सांगितलं जातं. छंद आणि शोषण यांत अंतर आहे, ते मी नाकारत नाही. पण हे वृत्त आलं तेव्हा आपल्या मंडळींची प्रतिक्रिया काय होती ते आठवा. संताप व्हायला हवा होता. कुठल्या तरी गावातून, कुठल्या तरी अकादमीतून, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठून आलेल्या मुलाची राष्ट्रीय संघातली जागा कुंडलीवर तोलली जात असेल, तर त्याहून मोठा अन्याय खेळात कुठला? त्याऐवजी मी ऐकलं ते हे : ‘पण जिंकलो ना तो सामना!’ न धुतलेली जर्सी घालून बसणाऱ्याला याहून वेगळं काही बोलता येतच नाही. ज्या पुराव्यावर त्याची जर्सी उभी आहे त्याच पुराव्यावर ज्योतिषाची यादीही उभी आहे. महासंघाला जाब विचारण्याचा अधिकार आपण आपल्या सोफ्यावर गमावून बसलो.

थोडी शिकलेली मंडळी इथे मालिनोव्स्कीला पुढे करतात. ट्रोब्रियांड बेटांवरचे कोळी खाडीतल्या सुरक्षित मासेमारीला मंत्रतंत्र करत नसत, खुल्या समुद्रात जाताना मात्र करत, असं या मानववंशशास्त्रज्ञाने नोंदवलं. अनिश्चितता आणि धोका जिथे जास्त तिथे माणूस विधी करतो. निरीक्षण उत्तम आहे आणि मला मान्य आहे. पण ते कोळी मंत्र म्हणून मग समुद्रात जात होते. नाव त्यांनी स्वतः बांधलेली असे, वल्हं त्यांच्या हातात असे, जीव त्यांचा पणाला लागलेला असे. त्यांच्याशी आपली तुलना होऊ शकत नाही.

खेळाडूंचंही तसंच. १९९० च्या विश्वचषकात पुम्पिदोचा पाय मोडल्यामुळे अर्जेंटिनाच्या गोलात आलेला सर्जिओ गोयकोचेआ पेनल्टी शूटआउटआधी मैदानावरच लघवी करून घेई. युगोस्लाव्हियाविरुद्ध ते जमून गेलं म्हणून इटलीविरुद्धही त्याने तेच केलं आणि दोन्हीदा अर्जेंटिना जिंकला. हा किस्सा तोडग्यांचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पुढचं सांगत नाहीत. अंतिम सामन्यात शूटआउटची वेळच आली नाही. ८५व्या मिनिटाला पश्चिम जर्मनीच्या ब्रेमेने पेनल्टी मारली, गोयकोचेआने बरोबर बाजूला झेप घेतली आणि चेंडू तरीही आत गेला. २००२ मध्ये इटलीचे प्रशिक्षक त्रापात्तोनी पवित्र जलाची बाटली घेऊन बसत. दक्षिण कोरियाने अतिरिक्त वेळेत गोल्डन गोल करून त्यांना घरी पाठवलं. अर्जेंटिना छत्तीस सामने अपराजित होता, नोव्हेंबर २०२२ च्या एका दुपारी सौदी अरेबियाने त्याला २-१ ने हरवलं. छत्तीस सामने शुभ असलेल्या सगळ्या जागा एका दिवसात बदलल्या, कोल्हापुरातल्या माझ्या अर्जेंटिनावेड्या मित्रांच्याही, आणि महिन्याभराने नव्या जागांना चषकाचं श्रेय मिळालं. हरलो तर तोडगा चुकला, जिंकलो तर तोडगा लागला. तोडगा स्वतः कधीच हरत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९४८ मध्ये कबुतरांवर हेच दाखवलं होतं. दाणे ठरावीक वेळाने आपोआप पडत होते, तरी दाणा पडण्याच्या वेळी आपण जे करत होतो त्यामुळेच तो पडला, असं समजल्यासारखी ती कबुतरं गोल फिरत, मान झुलवत राहिली.

‘नशिबाचा’ म्हणून चेंडू हातात दिला की गोल्फ खेळणाऱ्याचा नेम सुधारतो, असा एक प्रयोग २०१० मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला होता. तोही या वादात हटकून येतो. २०१४ मध्ये तोच प्रयोग जास्त लोकांवर पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही. आणि दिसला असता तरी तो खेळणाऱ्याच्या हातावरचा होता, बघणाऱ्याच्या नव्हे.

राहिला तो अंतराचा प्रश्न, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. परक्या देशात, परक्या वेळेला, जिथे शेजाऱ्याला आपला संघ फुटबॉल खेळतो हेही ठाऊक नसतं तिथे, पडद्यासमोर एकटं बसण्याची तळमळ मला माहीत आहे. आपण काहीच करू शकत नाही, ही भावना असह्य असते. तोडगा त्या असहायतेवरचं औषध म्हणून पुढे येतो, हे मला पटतं. पण काहीच करता येत नाही हे गृहीतकच खोटं आहे.

जून २०१८ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, भारताने चिनी तैपेईला ५-० ने हरवलं. छेत्रीची हॅटट्रिक होती आणि प्रेक्षक होते फक्त २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने ध्वनिचित्रफितीतून लोकांना विनवलं : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. पुढचा केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. भर पावसात ते मैदान भरलं आणि भारत ३-० ने जिंकला. कर्णधाराने काय मागितलं होतं ते नीट बघा. त्याने आपली उपस्थिती मागितली होती.

उपस्थितीने फरक पडतो याला पुरावा आहे, आणि तो मी राहतो त्या देशातलाच आहे. मे २०२० मध्ये बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा यजमान संघांच्या विजयांचं प्रमाण घसरलं, आणि पंचांच्या निर्णयांतला यजमानांकडचा कलही कमी झाल्याचं अभ्यासकांना आढळलं. गर्दीचा आवाज खेळाडूच्या आणि पंचाच्या कानावर पडतो. माझ्या मोज्यांचा रंग त्यांना दिसत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याला तीस हजारांहून जास्त लोक होते, त्यांत बहुतांश आखातात राबणारे भारतीय. भारत तिन्ही सामने हरला, त्याला एकही गोल करता आला नाही, तरी ती माणसं सामन्यांना येत राहिली. परदेशातून पाठिंबा देणं म्हणजे काय, ते त्यांनी दाखवलं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघासाठी उन्हात बसणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. आपण ते देश सोडताना तिथेच ठेवून आलो की काय, अशी मला भीती वाटते.

आणि ज्यांना प्रवास जमत नाही त्यांनी निदान बघावं तरी. ५ जुलै २०२५ ला थायलंडमधल्या चिआंग माई इथे भारताच्या महिला संघाने यजमान थायलंडला २-१ ने हरवून २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरीतून हे पहिल्यांदाच घडत होतं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आमच्यापैकी कुणीही त्या दिवशी ठरलेली जर्सी घातली नव्हती की ठरलेल्या जागी बसलं नव्हतं, कारण सामना आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. तोडग्यावाचून, आणि दुर्दैवाने प्रेक्षकांवाचूनही, त्या मुली जिंकल्या.

तीन महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, पुरुष संघ मडगावला सिंगापूरकडून १-२ ने हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. भारताच्या छांगटेने चौदाव्या मिनिटालाच आघाडी मिळवून दिली होती. ती कशी गेली यावर आमच्या मंडळींत त्या रात्री जी चर्चा झाली तिच्यात मध्यंतरात कोण उठलं आणि कुणाच्या फोनवर अभिनंदनाचा संदेश आधीच आला, हे दोन विषय होते. पण त्या दिवशी देशातली सर्वोच्च लीग सुरूच झालेली नव्हती, कारण तिच्या हक्कांचा करार जुलैपासून अडकून पडला होता. स्पर्धात्मक सामन्यांवाचून राहिलेले खेळाडू थेट राष्ट्रीय संघासाठी उतरत होते. गोल करायला माणूस नाही म्हणून आधीच निवृत्त झालेल्या, चाळिशीतल्या छेत्रीला त्याच वर्षी मार्चमध्ये परत बोलवावं लागलं होतं. क्लबांच्या आघाडीच्या जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंकडे असताना भारतीय स्ट्रायकर घडणार कुठे, लीगचा करार वेळेत का झाला नाही, त्याला जबाबदार कोण, हे महासंघाला विचारणारं एक पत्र त्या रात्री आमच्यापैकी कुणी लिहिलं नाही. ते मी आता लिहितो आहे, आणि ज्यांना माझा हा लेख रसभंग वाटला त्यांच्याकडे त्याखाली सही मागणार आहे.